माझ्या पिशवीचा तुकडा

माझ्या पिशवीबद्दल डॉक्टर माझ्या लेकाशी बोलत व्हता. मी तिथंच, शेजारच्या खुर्चीत. ऑपरेशन माझं, टाके माझ्या पोटाला. अन् बोलणी अशी, जणू गोठ्यातल्या म्हशीची चाललीत.

पाळी जाऊन वीस वर्सं झाली व्हती. मग पुन्हा रक्त दिसाया लागलं. आमच्या आहुपे गावात आमी बाया असलं कुणाला सांगतो व्हय? चार महिने गुमान फडकी धुतली. चुलीपासून लांब बसले, देवराईकडं फिरकले न्हाई. विटाळ समजले मी त्याला. येडी मी. तो कॅन्सर निघाला.

पिशवी काढली, तुकडा तपासून आला. तो रिपोर्ट घेऊन आमी जुन्नरला बसलो व्हतो. पुढच्या तपासण्यांच्या कागदावरची एक ओळ डॉक्टरनं पेनानं खोडली. रिसेप्टर का काय व्हतं त्यात.

"सत्तरी आली यांची. ही टेस्ट आता कशाला? म्हातारीला सुखानं राहू द्या."

माझं सुख हा ठरवणार. अन् माझा लेक, कॉलेज शिकलेला, साहेबापुढं नंदीबैलावानी मान हलवतोय. लई लाज वाटली मला त्याची.

ड्रेसिंगच्या खोलीत मी नर्सला विचारलं. तिनं हळू आवाजात समजावलं. गाठीवर हार्मोनचे रिसेप्टर हायेत का ते बघत्यात. असले तर रोग बहुतेक दमानं चालतो, पुन्हा उठलाच तर गोळ्या लागू पडायची आशा असती. नसले तर जास्त जपावं लागतं. तुकडा मेणाच्या ठोकळ्यात लॅबमधे ठेवलेला असतो, तो मागता येतो. म्हातारीला हे कळू नये असं कुठं बी लिव्हलेलं न्हाई, म्हणाली.

माझं टाळकंच फिरलं. तशीच डॉक्टरच्या खोलीत गेले, लेकाशेजारच्या खुर्चीत बसले.

"डॉक्टर, आमी जुनं भाताचं बी ओल्या फडक्यात बांधून मोड येतो का बघतो. न बघता उकिरड्यावर टाकीत न्हाई. तुमी मला न बघताच टाकली."

तो हसला. लेकाला म्हणाला, "आजी फार बोलतात हो." माझ्याकडं तवाबी बघितलं न्हाई. दाराला हातभर डिग्र्यांची पाटी, अन् समोरच्या बाईशी बोलायची अक्कल न्हाई. थू असल्या शिकण्यावर.

"ठोकळा माझ्या पिशवीचा हाये. माझ्या हातात द्या म्हणून लॅबला लिव्हा."

लेक म्हणाला, "आई, चल ना." मी उठले न्हाई. बाहेरचे पेशंट दारात येऊन बघाया लागले, तवा कुठं त्यानं चिठ्ठी लिव्हली. ती बी लेकाकडंच सरकवली. मी ती लेकाच्या हातातून ओढून घेतली.

उद्या ठोकळा घेऊन ती टेस्ट कराया पुण्याला जाणार. रिपोर्ट वाईट आला तर वाईट. पण ते माझ्या तोंडावर सांगायचं, मला, नाव घेऊन. तिथल्या डॉक्टरच्या खोलीत मी एकटी जाणार. लेक बाहेर बाकड्यावर बसंल.