त्र्याऐंशी अंगठे

शोभाताई टिपणीस आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली सहायक. पनवेलच्या बाजारपेठेतल्या त्या दोन खोल्यांत मी त्यांच्याबरोबर अकरा वर्षं काढली. कुणी त्यांच्याविषयी विचारलं की मी त्यांच्या शिस्तीबद्दल बोलते, त्यांनी वाचायला लावलेल्या मुलांबद्दल बोलते. एक गोष्ट मात्र मी टाळत आले, कारण ती माझीही आहे.

ब्याण्णव साली मुंबईहून देवेश नावाचा एक तरुण आमच्याकडे व्याख्यान द्यायला आला. जगभरातल्या भुकेविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेचा तो कार्यकर्ता होता. रोज जगात किती मुलं साध्या जुलाबाने मरतात, गरीब देशांवर किती कर्ज आहे, असं तो तासभर बोलला. श्रोते बारा. व्याख्यान संपल्यावर अकरा जण उठून गेले आणि शोभाताई बसून राहिल्या. त्यांनी त्याला एवढंच विचारलं की पनवेलमध्ये बसून माणसाने काय करायचं. तो म्हणाला, पत्रं लिहा, सह्या गोळा करा, सत्तेवरच्या माणसांना झोपू देऊ नका.

शोभाताईंनी ते अक्षरशः मनावर घेतलं आणि वाचनालयातच संस्थेचं केंद्र उघडलं. पुस्तक बदलायला आलेल्या माणसाला त्या आधी पोस्टकार्ड लिहायला बसवत. मजकूर फळ्यावर लिहिलेला असे, खाली खासदारांचा पत्ता. लसीकरणासाठी एक महिना, पिण्याच्या पाण्यासाठी एक महिना. लोक कुरकुरत, पण लिहीत. एकदा एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, आफ्रिकेतल्या पोरांचं आपण का पाहायचं? शोभाताईंनी त्यांच्यापुढे पेन ठेवलं आणि सांगितलं की पत्ता नीट लिहा, पिनकोडसकट.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर देवेश मोठं काम घेऊन आला. पुढच्या मार्चमध्ये डेन्मार्कला सगळ्या देशांची सरकारं गरिबीवर बोलायला जमणार होती. त्याआधी संस्थेला गरिबांच्या स्वतःच्या सह्या हव्या होत्या. आमच्यासारख्यांच्या नकोत, त्यांच्या. पनवेल तालुक्यातून पाचशे. शोभाताई लगेच हो म्हणाल्या.

रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी एस.टी.ने निघायचो. पळस्प्याच्या पुढे उतरायचं आणि बांधाबांधाने कातकऱ्यांच्या वाड्या गाठायच्या. शोभाताई कागदावरचा मजकूर सावकाश वाचून दाखवत, समजलं का विचारत आणि मगच शाईचा पॅड पुढे करत. एका वाडीला अख्खा दिवस जाई. पाच वाड्यांत मिळून चारशे सतरा अंगठे झाले. एकही खोटा नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

सहावी टेंभीची वाडी, कर्नाळ्याच्या डोंगराखाली. तिथे आम्ही जानेवारीत गेलो तर वाडी बंद. कुडाच्या दारांना काटक्या लावलेल्या. भगवान नावाचा एक म्हातारा तेवढा एका ओट्यावर बसलेला होता, त्याला नीट दिसत नव्हतं. तो म्हणाला, "समदी भट्टीवर गेली. आता पावसाच्या तोंडाला येतील." वीटभट्ट्यांवर कामाला गेलेली ती माणसं पाच महिने परतणार नव्हती. कागद मुंबईला पोचवायला चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाला सुट्टी होती, तरी दुपारी शोभाताईंनी मला बोलावून घेतलं. टेबलावर निवडणुकीची मतदारयादी होती, टेंभीच्या वाडीचं पान उघडलेलं. त्या पानावर त्र्याऐंशी नावं होती. चारशे सतरा आणि त्र्याऐंशी. माझ्याआधी त्यांनीच ती बेरीज केली होती.

"ती माणसं असती तर अंगठा दिलाच असता ना, कुमुद?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, दिला असता.

आम्ही दार आतून लावून घेतलं. नावं मी लिहिली. पुरुषांचे अंगठे त्यांनी उमटवायचे आणि बायकांचे मी, कारण माझी बोटं बारीक होती. दहाही बोटं वापरली, कधी दाबून, कधी तिरकं, कधी जरा पुसट. सुरुवातीला प्रत्येक ठशानंतर आम्ही दाराकडे बघायचो. नंतर सवय झाली. मधे एकदा आम्ही चहा केला आणि काहीतरी आठवून हसलोदेखील. ते हसणं मला फार वर्षं छळत राहिलं.

देवेश कागद घेऊन गेला आणि आठवड्यात त्याचं पत्र आलं. ठाणे-रायगड पट्ट्यात कबूल केलेला आकडा पुरा करणारं पनवेल हे एकच केंद्र होतं. शोभाताईंनी ते पत्र फळ्याशेजारी लावलं. मग फेब्रुवारीत दुसरं पत्र आलं. मुंबईत वार्ताहरांसमोर सभा होणार होती आणि त्या सभेत यादीतल्याच एका बाईने चार शब्द बोलावेत असं संस्थेला वाटत होतं. नाव त्यांनीच निवडलं होतं: चंद्रावती गोमा वाघमारे, वय साठ, टेंभीची वाडी.

शोभाताईंनी पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडे दिलं. मी त्यांना म्हटलं की बाई भट्टीवर आहे, येऊ शकत नाही असं कळवून टाकू. त्या म्हणाल्या, निदान ती आहे कुठे ते तरी पाहू. तिला खरं सांगू, अंगठा मागू. अजून वेळ आहे.

आम्ही पुन्हा टेंभीला गेलो तेव्हा भगवान म्हाताऱ्याने चंद्रावतीचं नाव ऐकलं आणि आणखी काही न सांगता तिच्या मुलाचा पत्ता दिला. काळूराम, रोडपालीच्या खाडीकडची भट्टी. आम्ही भर दुपारी तिथे पोचलो. काळूराम साच्यात माती थापत होता, त्याची बायको कच्च्या विटा उन्हात मांडत होती. शोभाताईंनी ओळख सांगितली आणि आई कुठे म्हणून विचारलं.

"आय तीन सालं झाली गेली," तो म्हणाला. "तुला कशाला पायजे?"

वाडीतली माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात, त्यात उर्मटपणा नव्हता. शोभाताई खाली मातीतच बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं: सहीची मोहीम, बंद वाडी, मतदारयादी. काळूराम ऐकता ऐकता थांबला. हाताची माती पुसून त्याने विचारलं, "आयच्या नावावर अंगठा कुणी दिला?"

"मी दिला," शोभाताई म्हणाल्या.

तो अंगठा माझा होता. बायकांचे सगळे माझेच होते. मी दोन हात अंतरावर उभी होते, माझी पिशवी छातीशी धरून, आणि मी बोलले नाही.

मग काळूरामने जे सांगितलं ते न रागावता, पीकपाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. डोंगराखाली त्याच्या आईच्या नावावर नाचणीचा एक तुकडा होता. एका पावसाळ्याच्या आधी कुणीतरी तिथे कुंपण घालायला आलं. तिने अडवलं तर त्यांनी कागद दाखवला. जमीन विकल्याचा कागद, खाली तिचा अंगठा. ती म्हणत राहिली की मी दिला नाही. ज्याला त्याला हात पुढे करून दाखवायची. पण कागद वाचणाऱ्यांनी सांगितलं, हा काय अंगठा, अजून काय पाहिजे?

"मरस्तवर आपला अंगठा बघत बसायची," काळूराम म्हणाला. "तिला वाटायचं आपुनच झोपेत दिला का काय."

शोभाताईंनी तोंडावर पदर धरला. त्याने त्यांना रडू दिलं, समजूत घातली नाही. मग विचारलं, "तुला याचं काय मिळालं?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "शाबासकी मिळाली."

त्याने मान हलवली, जणू हे उत्तर त्याला पटलं. साचा उचलून तो पुन्हा कामाला लागला. त्याच्या बायकोने आम्हाला तांब्याभर पाणी आणून दिलं. ते पाणी पिणं मला जड गेलं, आणि न पिणं त्याहून जड गेलं असतं.

शोभाताई त्याच संध्याकाळी मुंबईला देवेशला भेटायला गेल्या. चंद्रावती तीन वर्षांपूर्वीच वारली आहे, ते त्र्याऐंशी अंगठे काढून टाका, असं त्यांनी त्याला सांगितलं. देवेश वाईट माणूस नव्हता. तो हादरला, पण कागद गठ्ठ्यांत बांधून पुढे रवाना झाले होते आणि एवढ्या लाखांमध्ये ते पान शोधायचं कुणी? शिवाय हे बाहेर आलं तर बाकीच्या खऱ्या सह्यांवरही लोक बोट ठेवतील, असं तो म्हणाला. ते खोटंही नव्हतं. शोभाताईंनी त्याला बजावलं की सभेत त्या स्वतः उभ्या राहून खरं सांगणार.

सभेला मीही गेले. हॉल भरलेला होता. देवेशने माईकवरून सांगितलं की पनवेलच्या चंद्रावतीबाई प्रकृतीच्या कारणाने येऊ शकल्या नाहीत, पण त्यांचा अंगठा आपल्याबरोबर आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शोभाताईंकडे पाहिलं. त्या खुर्चीच्या कडेवर येऊन बसल्या होत्या, उठण्याच्या बेतात. टाळ्या थांबल्या, दुसरा वक्ता बोलायला लागला आणि त्या तशाच बसून राहिल्या. परतीच्या एस.टी.त त्या मला म्हणाल्या की पाय उचललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्याशेजारचं पत्र काढलं, संस्थेला राजीनामा पाठवला आणि पोस्टकार्डं बंद केली. लोकांना वाटलं, बाई थकल्या.

जूनमध्ये टेंभीची वाडी परत आली. शोभाताई मला घेऊन गेल्या, कागदाची एक प्रत बरोबर होती. संध्याकाळी तीसेक माणसं जमली. शोभाताईंनी उभ्याने सगळं सांगितलं आणि माफी मागितली. मला वाटलं होतं लोक चिडतील. एक दोन जण हसले. एका तरुण बाईने विचारलं, कागदात आमच्या नावाने मागितलं काय होतं ते तरी वाच. शोभाताईंनी वाचलं: जगातून भूक नाहीशी व्हावी, गरीब देशांचं कर्ज माफ व्हावं, प्रत्येक मुलाला शाळा आणि औषध मिळावं.

"चांगलं हाय," ती बाई म्हणाली. "पन आमाला कुनी इचारलं असतं तर आमी आधी रेशनकार्ड मागितलं असतं."

अख्ख्या वाडीत एकाही घराकडे कार्ड नव्हतं. पाच महिने वाडीबाहेर असतात म्हणून त्यांचा रहिवास सिद्ध होत नव्हता. जगाची आकडेवारी तोंडपाठ असलेल्या शोभाताईंना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. इथून सात मैलांवर आम्ही फळ्यावर टांझानियाचा नकाशा काढला होता.

पुढची चार वर्षं शोभाताईंनी या कार्डांमागे घालवली. त्या मोहीम म्हणत नसत, कुणाला सांगतही नसत. अर्ज वाडीत बसूनच भरायचा, ज्याचा त्यालाच वाचून दाखवायचा आणि त्यालाच घेऊन कचेरीत जायचं, असा त्यांनी नेम केला होता. यामुळे काम फार हळू व्हायचं. माणूस भट्टीवर गेला की अर्ज अडायचा. कचेरीतला साहेब वैतागून म्हणायचा, बाई, तुम्हीच द्या ना भरून, सगळे देतात. शोभाताईंचा चेहरा अशा वेळी असा व्हायचा की मी खिडकीबाहेर बघायचे. नव्व्याण्णवपर्यंत सव्वीस घरांना कार्डं मिळाली. मतदारयादीतून मेलेल्यांची नावं काढायचा अर्जही त्यांनी तीनदा केला. चंद्रावतीचं नाव तिसऱ्या वेळी निघालं.

काळूरामने मात्र शोभाताईंच्या हातात कधी कागद दिला नाही. आम्ही वाडीत गेलो की तो ओट्यावरून उठून बसायला जागा करायचा, पाणी द्यायचा, पावसाचं विचारायचा. त्याच्या बायकोला कार्ड हवं होतं, ती एकदा अर्ज घेऊन पुढे आली तेव्हा त्याने नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि ती मागे सरली. तो अंगठा माझा होता हे त्याला सांगायचं मी कितीदा ठरवलं. शोभाताई म्हणायच्या, राहू दे, त्याला आणखी एक माणूस कशाला देतेस सांभाळायला? मला ते सोयीचं होतं, म्हणून मी ऐकलं.

शोभाताई निवृत्त झाल्या त्या वर्षी आम्ही एका कामासाठी पळस्प्याला उतरलो होतो. रेशनच्या दुकानासमोर रांग होती आणि रांगेत काळूराम उभा होता, हातात नवं कोरं कार्ड. ते त्याने कसं मिळवलं, कुणाबरोबर कचेरीत गेला, किती खेपा मारल्या, आम्हाला काहीच माहीत नव्हतं. त्याने आम्हाला पाहिलं नव्हतं. मी हाक मारायला तोंड उघडलं तर शोभाताईंनी माझा दंड धरला.

"नको," त्या म्हणाल्या. "त्याला वाटेल आपण बघायला आलोय."

आम्ही रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूने निघालो.