लेकीच्या गाडीचं वंगण

माणिकरावांच्या बैलगाडीचं चाक आयुष्यात कधी कुरकुरलं नाही, हे सुलतानपुरात कुणीही सांगेल, आणि कुणी नाही सांगितलं तर ते स्वतः सांगतील. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचा माल मेहकरच्या बाजारात पोचवला. वंगण ते घरीच करत. एरंडीच्या तेलात जळक्या चिंध्यांची राख घोटायची, बोटाला चिकटून राहील इतकी दाट. आता पंच्याहत्तरी आली, बैल विकले, तरी गावातल्या उरल्यासुरल्या गाड्यांना वंगण त्यांच्याच हातचं लागे. ज्याची गाडी वाजते तो माणूस आळशी, असं त्यांचं रोखठोक मत होतं. माणसं पारखायला दुसरं माप त्यांच्याकडे नव्हतंच.

अशा माणसाच्या लेकीनं विजेची कार घेतली. धम्मशीला मेहकरला दवाखान्यात नर्स. शनिवारी संध्याकाळी ती आठ वर्षांच्या पायलला घेऊन माहेरी आली. येताना फाट्यावर अर्जुनरावांच्या वॉशिंग सेंटरवर तिनं गाडी धुऊन घेतली. चकचकीत गाडी चहाच्या टपरीसमोर थांबली, आणि थांबता थांबता अशी किंचाळली की टपरीवर बसलेल्या माणिकरावांसकट सगळी माणसं वळून पाहू लागली. एकानं टोला हाणला,

"काय माणिकराव, लेकीच्या गाडीले वंगण नाई भेटलं का तुमच्या घरी?"

लोक हसले. माणिकरावही हसले, पण आतून त्यांचा तिळपापड झाला होता. घरी आल्यावर त्यांनी लेकीला विचारलं.

"काई नाई बाबा, गंज धरला असल ब्रेकले," ती म्हणाली. "बुधवारी सर्व्हिसिंग हायच."

बुधवार! म्हणजे उद्या सकाळी ती अख्ख्या गावातून किंचाळत जाणार, आणि टपरी पुन्हा दात काढणार. रात्री गाडी चार्जिंगला लागली. उजाडताना, घर उठायच्या आत, माणिकरावांनी वंगणाचा डबा काढला. काडीला चिंधी गुंडाळली आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या फटींतून आतल्या लोखंडी चकत्यांना मोठ्या मायेनं वंगण चोपडलं. धम्मशीला निघाली तेव्हा गाडीचा हूं की चूं आवाज आला नाही. म्हाताऱ्याची छाती फुगली.

ती फुगलेली छाती दहा मिनिटंही टिकली नाही. फाट्याच्या उतारावर शेळ्या आडव्या आल्या, धम्मशीलानं ब्रेक दाबला, पण गाडी थांबेना. तिनं प्रसंगावधान राखून गाडी रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घातली, म्हणून निभावलं. पायलचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. तीन टाके पडले.

दुपारी मेहकरहून मेकॅनिक वाळूच्या ढिगापाशी आला. माणिकरावही तिथं पोचले होते. त्यानं चाक काढलं आणि कपाळावर हात मारला.

"ब्रेकले वंगण? कोणं लावलं बे हे?"

"पण ब्रेक तं ओरडत होता," माणिकराव कसेबसे बोलले.

"ओरडनारच, बाबा. या गाडीले पाय उचलला की मोटरच रोखते. ब्रेकले कामच पडत नाही, म्हणून त्याच्यावर गंज चढते. मोकळ्या रस्त्यावर चार-पाच खेप कचकन दाबला असता तं आवाज गेला असता. अन् आज बॅटरी काठोकाठ भरेल होती. भरेल बॅटरीत मोटरले वीज वापस कोंबता येत नाही, मंग सारा भार ब्रेकवरच आला."

माणिकरावांनी बोलायला तोंड उघडलं, पण धम्मशीला तोवर तरातरा अर्जुनरावांकडे निघाली होती. धुतल्यावर तिथं गाडीखालून तेल फवारतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

"दादा, माही पोरगी मेली असती आज!" ती गिऱ्हाइकांसमोर कडाडली. "ब्रेकवर तेल मारता? कोनी गाडी आनू नका याच्याकडं!"

अर्जुनराव गाडीपाशी आले. चकतीवरून बोट फिरवलं, दोन बोटांत ते काळं चोळलं, वास घेतला. मग एकदाच माणिकरावांकडे पाहिलं आणि धम्मशीलापुढं हात जोडले.

"चुकलं, ताई. फवारताना उडलं असल."

रांगेतल्या एकानं आपली जीप वळवली आणि तो निघून गेला. माणिकराव मूग गिळून उभे राहिले. आता बोलू, मग बोलू, करता करता बोलायची वेळ टळून गेली. चाळीस वर्षं लोकांचा माल पोचवणाऱ्या माणसाला तीन शब्द पोचवता आले नाहीत. धिक्कार असो अशा अब्रूचा!

टाके पडलेल्या पायलला घेऊन धम्मशीला दोन दिवस माहेरीच राहिली. माणिकरावांना घास गोड लागेना. पोरगी कपाळाला पट्टी बांधून त्यांच्याच मांडीवर येऊन बसायची आणि म्हणायची, "आबा, ते काका वाईट हायेत, ना?" त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

बुधवारी सकाळी ते चालत फाट्यावर गेले. एरवी गाड्यांची रांग असायची, तिथं अर्जुनराव एकटेच पाइप गुंडाळत बसले होते.

"अर्जुना, ते वंगण म्या लावलं होतं."

"मले माहीत हाय, काका. येरंडीचा वास दडते का?"

"मंग बोलला काऊन नाई?"

"तुमची लेक तुमच्याकडं किती इश्वासानं पाहत होती. तिच्यासमोर तुमचं नाव घेवाले माही जीभ वळली नाही."

माणिकरावांना तिथंच रडू फुटलं. शरम त्यांनाही ठाऊक होती, पण आपल्या वाट्याची शरम दुसऱ्यानं अशी निमूट अंगावर घेतलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. डोळे पुसून ते म्हणाले, "शीलाले फोन लाव. इथंच ये म्हन. अन् टपरीवरच्या साऱ्याइले बोलाव."

"काका, राहू द्या."

"चार लोकांत बोलली ना ती तुले? मंग चार लोकांतच होऊ दे."

धम्मशीला आली. टपरीवरची माणसं जमली. माणिकरावांनी डोकं वर न करता सगळं सांगितलं, डबा, काडी, चिंधी, काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर ते लेकीच्या ओरडण्याची वाट पाहू लागले. तिनं त्यांना शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती त्यांच्या अंगावरून पुढं गेली आणि सगळ्यांच्या देखत अर्जुनरावांपुढं हात जोडून उभी राहिली.

"दादा, माफ करा. न विचारता बोलली मी तुमाले."

अर्जुनराव "असू द्या, ताई" म्हणत राहिले, पण तिची मान वर होईना. माणिकरावांना वाटलं, पुढं व्हावं आणि लेकीचे जोडलेले हात सोडवावेत. पण तिच्याजवळ कोणत्या तोंडानं जावं, ते त्यांना कळेना.