राजदीपच्या अल्बममधलं चौथं गाणं

राजदीप शहारेचा अल्बम निघाला ही बातमी कामठ्यात पहिल्यांदा फोडली त्याच्या मायनं, सुमनबाईनं, नळावर. आणि पहिला घोटाळाही तिथंच झाला. आमच्याकडे अल्बम म्हणजे छत्तीसगडकडून येतात तसली व्हिडिओ गाणी. त्यात पिवळ्या पँटीतला हिरो असतो आणि तलावाच्या पाळीवर नाचणारी हिरोईन असते. त्यामुळे बायांनी एकच गोष्ट विचारली, "पोरगी कोनाची आहे?"

सुमनबाई घागर तशीच घेऊन घरी आली. मी तिथंच बसलो होतो.

"काऊन रे, हिरोईन कोन आहे तुह्या अल्बममंदी?"

"हिरोईन नाही, माय."

"मंग गाते कोन?"

"कोनीच गात नाही."

"मंग आहे काय त्यात?"

राजदीपनं माझ्याकडे पाहिलं. मी कौलाकडे पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "आवाज आहेत."

"ते तं आपल्या घरी तसेच आहेत," सुमनबाई म्हणाली आणि घागर उतरवली.

आमचा हा दोस्त गोंदियाला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. फुटलेल्या स्क्रीना बदलता बदलता तो टेक्नो नावाच्या संगीताला लागला. टेक्नो म्हणजे एकच ठेका धरायचा, सोडायचा नाही आणि त्यावर नाना आवाज चढवत जायचे. राजदीपनं चढवले ते राईस मिलचे, रेल्वे फाटकावरच्या घंटीचे, धान पाखडणाऱ्या सुपाचे. जर्मनीतल्या एका लहानशा कंपनीला ते आवडले आणि तिनं 'करंट' नावाचा अल्बम इंटरनेटवर काढला. तिथली माणसं त्यावर नाचतात म्हणे. इथं सुपाच्या आवाजावर फक्त कोंबड्या जमतात.

पण खरी गोष्ट राजदीपची नाही, त्याच्या बाबाची आहे.

सेवकरामकाका जन्मापासून अडखळत बोलतात. शाळेत हजेरीला त्यांचा 'हजर' पुरा होईपर्यंत गुरुजी पुढच्या तिघांची नावं घेऊन मोकळे व्हायचे. दुकानात त्यांनी "सा... सा..." म्हटलं की दुकानदार साबण काढायचा, मागायची असायची साखर. काका साबण घेऊन घरी यायचे. पण तरुणपणी एकदा जयंतीच्या कार्यक्रमात कुणीतरी टेस्टिंगसाठी त्यांच्या हातात माइक दिला आणि काका आकाशवाणीसारखे बोलले. सगळं गाव चाट पडलं. तेव्हापासून माइक त्यांचाच. पुढे त्यांनी स्वतःचे दोन भोंगे घेतले, ते ऑटोवर बांधले. मयत असो, आरोग्य शिबिर असो, कुणाची शेळी हरवलेली असो, कामठ्यापासून दवनीवाड्यापर्यंत "ऐका हो ऐका" म्हणणारा आवाज एकच. माइक खाली ठेवला की पुन्हा "सा... सा..."

असं कसं, हे मी एकदा सुमनबाईला विचारलं होतं. ती म्हणाली, "माइक हातात असला का कोनी मधात तोंड घालत नाही ना, बाबू. त्याचं बोलनं कोनी तोडत नाही."

राजदीपला मात्र शाळेत बाबाची लाज वाटायची. पालकसभा असली की तो मायला पाठवायचा आणि सरांना सांगायचा, बाबा गावाला गेले. बाबा तेव्हा शाळेच्या फाटकाबाहेरून भोंगा वाजवत जात असायचे. सर ऐकत असायचे. वर्ग हसायचा आणि राजदीप बाकाखाली पेन शोधायचा. त्याचं पेन फार पडायचं.

तर अल्बम निघाला तेव्हा आमच्या गावची मंडई तोंडावर होती. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, म्हणजे एका दिवसाची जत्राच. दुकानं, पाळणे, दंडारीचा नाच-तमाशा, पाव्हणे, सगळं दिवसाउजेडी. माइक अर्थातच सेवकरामकाकांचा. दुपारी गर्दी दाटली तसं त्यांनी जाहीर केलं, "ऐका हो ऐका! आमच्या राजदीपचा अल्बम जर्मनी देशात निघाला आहे. आता तो आपण सर्वांनी ऐकायचा आहे. कृपया पाळणेवाल्यांनी आपला भोंगा बंद करावा."

पाळणेवाल्यानं खरंच बंद केला. राजदीप माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अतुल, बाबाले थांबव ना बे. हे भोंग्यावर वाजवाची गोष्ट नाही."

"तूच थांबव. तुहाच बाप आहे."

त्यानं थांबवलं नाही. खरं सांगायचं तर त्यालाही ऐकायचंच होतं.

पहिलं गाणं लोकांनी सोसलं. दुसऱ्याला जिलेबीवाला चुन्नीलाल ओरडला, "सेवकरामभाऊ, मोटर सुरू झाली, पानी कब आएगा?" तिसऱ्याला दोन म्हाताऱ्या उठून गेल्या. सेवकरामकाका अँप्लिफायरला हात लावून उभे होते, दर गाण्यामागे छाती थोडी पुढे.

मग चौथं लागलं. नाव 'ऐका'. ठेका सुरू झाला आणि भोंग्यातून काकांचाच आवाज आला.

"ऐ-ऐ-ऐ-ऐ-ऐ... ऐ-ऐ-ऐका... ऐ-ऐ-ऐ-ऐ..."

आधी कुणाला कळलं नाही. मग कळलं. हसू पाळण्याकडून सुरू झालं आणि भांड्यांच्या दुकानांपर्यंत गेलं. पोरं ठेक्यावर "ऐ-ऐ-ऐ" करत नाचायला लागली. अल्बमवर कामठ्यात कुणी नाचलं असेल तर तेवढंच. चुन्नीलाल झारा वर करून म्हणाला, "वा रे पोट्ट्या! बापाची नक्कल जर्मनीत विकली!"

राजदीप पळत मंडपात गेला आणि त्यानं गाण्याची वायर उपटली. काका माइक हातात घेऊन उभे होते. त्यांना बहुतेक लोकांना समजावून सांगायचं होतं. त्यांनी माइक तोंडाशी नेला.

"हे मा... मा... मा..."

दोन्ही भोंग्यांतून ते "मा" सगळ्या मंडईवर पसरलं. लोकांना वाटलं, पाचवं गाणं लागलं. ते आणखी हसले. काकांनी माइक टेबलावर ठेवला, अगदी हळू, जसा रोज ठेवतात तसा. मग ते घरी गेले.

राजदीप मंडपामागे दोरांच्या वेटोळ्यावर बसला होता. "मी नक्कल नाही केली बे," तो म्हणाला. "बाबाची रेकॉर्डिंग एकदम साफ होती. 'ऐका हो ऐका', एक अक्षर अडकलं नव्हतं. मी फक्त कापली. टेक्नोत आवाज असाच कापतात. त्याचं बटनच असते."

"कोन्तं बटन?"

त्यानं फोनवर त्याच्या सॉफ्टवेअरचा फोटो दाखवला. बटणावर इंग्रजीत लिहिलं होतं, स्टटर.

"म्हंजे?"

"मले वाटे शटरसारखं काही असंल," तो म्हणाला. "आवाज खालीवर, खालीवर."

आमच्या शाळेचं इंग्रजी जेवढं त्याचं तेवढंच माझं. तरी फोन हातातच होता, म्हणून मी अर्थ शोधला आणि त्याच्यापुढे धरला. तोतरे बोलणे, अडखळणे. त्यानं वाचलं. मग तो खाली वाकून काहीतरी शोधायला लागला. या वेळी पेन नव्हतं.

नंतर तो मला म्हणाला, "बटन तं ठीक आहे. पन तेच अक्षर मी कायले पकडलं? साऱ्या रेकॉर्डिंगमधून?" उत्तर त्याच्याकडेच असावं, आणि लाज त्या उत्तराचीच असावी.

पुढचे काही दिवस भोंगे ऑटोवर नुसते बांधलेले राहिले. डोळ्यांच्या शिबिराचे लोक आले तर सुमनबाईनं सांगितलं, गळा बसला. पंचायतीचा माणूस आला, तरी गळा बसलेलाच. राजदीप जेवताना ताटात पाहायचा, बाबा भिंतीकडे पाहायचे आणि सुमनबाई दोघांना वाढत राहायची.

राजदीपनं जर्मनीला लिहिलं, चौथं गाणं काढा. त्यांचं उत्तर आलं, काऊन? लोकांना तेच तर आवडून राहिलं. (उत्तर इंग्रजीत होतं, राजदीपनं मला असं वाचून दाखवलं.) त्यानं पुन्हा लिहिलं आणि त्यांनी काढलं. सकाळी चहा घेताना त्यानं बाबाला सांगितलं, एखाद्यानं चोरीचा माल परत ठेवावा तसं. मी दारातच उभा होतो.

"बाबा, काढलं मी ते गानं. आता कुठीच नाही."

काकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "का... का... का..."

राजदीप म्हणाला, "काऊन काढलं म्हंता?"

बोलणं मधेच तोडायची जन्मभराची सवय. दुकानदाराची, गुरुजींची, पोराची. काकांनी हात वर केला आणि त्याला थांबवलं. आम्ही सगळे थांबलो. चहा निवला. ते पुन्हा पहिल्यापासून निघाले.

"का... काऊन काढलं? मी का... काही ख... खराब बोललो का?"

राजदीपची मान जी खाली गेली ती वर आलीच नाही. ठेवलं तरी लाज, काढलं तरी लाज. त्याला पळायला तिसरी जागा नव्हती.

काका उठले, ऑटोतून माइक घेऊन आले आणि त्याच्या लॅपटॉपजवळ ठेवला. "ला... लाव. शि... शिबिराचं सांगाचं आहे."

राजदीपनं वायर लावली. काकांनी माइक उचलला, घसा साफ केला.

"ऐ... ऐ... ऐ..."

राजदीपचा हात सवयीनं कापायच्या बटणाकडे गेला.

"का... कापू नको," काका म्हणाले.

त्यानं हात मांडीखाली दाबून धरला. सुमनबाईनं चुलीवरचं खदखदणारं भांडं हळूच उतरवलं. मीही मधे तोंड घातलं नाही, आणि ते मला सहसा जमत नाही. काका पुन्हा पहिल्या अक्षराशी गेले. त्यांना घाई नव्हती. त्यांच्या हातात माइक होता.