होडीच्या उतारावरचा डेक

कल्याणच्या खाडीकाठी लाकडी डेक झाला, तेव्हा त्यावर सगळ्यात आधी नाचले मीच. मागणीच आमच्या नागरिक गटाची होती. "नागरिकांना खाडी बघायला जागा द्या," हे पत्रक मी लिहिलेलं, सह्या मी गोळा केलेल्या. वर उभं राहिलं की जुनं बंदर, किल्ला, पाणी, सगळं दिसायचं.

मे संपत आला आणि काठावरच्या कोळीवाड्यातली काकी मला शोधत आली. पावसाळ्याआधी तिथले कोळी होड्या वर ओढून झाकून ठेवतात. ओढायला एकच मातीचा उतार होता. डेकचे खांब नेमके त्यातच रोवलेत.

"कागदात आमचा उतार लिवलेलास का गो?" तिने विचारलं.

नव्हता लिहिला. मी तिथे दहादा गेलेले, पण मला तो नुसता चिखल वाटलेला.

तिला घेऊन पालिकेतल्या साहेबांकडे गेले. ते हसले. "मॅडम, सह्या तुमच्याच ना? या लोकांनी तेव्हाच सांगायचं होतं."

"तेव्हा विचारलं कोणी यांना?" मी म्हटलं. "तुम्ही नाही, आणि लाज वाटते सांगायला, मीही नाही!"

आता नवं पत्रक काढलंय. पहिल्या ओळीत आमची चूक, दुसऱ्या ओळीत खांब काढा. सह्या डेकवरच घेते. "इतका मस्त डेक कशाला तोडताय?" असं कोणी म्हटलं की त्याला कठड्यावरून खाली वाकायला लावते. खाली काकीची होडी खांबाला बांधलेली आहे, अजून पाण्यातच.