आप्पामामांची साखर

माझ्या मामांना, आप्पामामांना, भांडण ऐकून घ्यायची गरजच वाटायची नाही. न्हावऱ्यात कुणा नवरा-बायकोचं बिनसलं की त्यांच्या ओसरीवर बैठक बसायची आणि बसता बसताच मामा आत हाक द्यायचे, "साखर आणा गं!" दोघांच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवायचे. "खावा. झालं गेलं गंगेला मिळालं." मग बाईची त्याच दिवशी सासरी रवानगी. गाव म्हणायचं, मामांनी कितीतरी संसार सावरले. डोंबलाचे सावरले! त्या बायकांना नंतर कुणी विचारायला गेलं होतं?

माझी धाकटी बहीण शोभा यवतला दिलेली. दिवाळीला आली ती परत जाईना. जेवायची नाही, बसल्या जागी रडायची. "दादा, मला कुणाशीतरी बोलायचंय. घरातलं कुणी नको," एवढंच म्हणायची. मी तेव्हा कुरकुंभला कंपनीत होतो. तिथल्या डॉक्टरांनी पुण्याच्या एका बाईंचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. त्या बाई नवरा-बायकोचं आधी वेगवेगळं, मग एकत्र बसवून ऐकून घेतात म्हणाले. मेहुणेसुद्धा यायला तयार झाले होते.

मामांनी चिठ्ठी वाचली आणि फाडली. "याड लागलंय व्हय पोरीला? परक्या बाईपुढं घरचं काढायचं? मी काय मेलोय का?"

आई भावाच्या शब्दाबाहेर नव्हती. मी तोंडातून ब्र काढला नाही. तुकडे तेवढे गोळा केले, नंतर जुळवून ठेवले. भेकड माणसाला एवढंच जमतं.

बैठक झाली. शोभानं साखर खाल्लीच नाही, मूठ मिटून तशीच एसटीत चढली. दोन महिन्यांनी यवतहून निरोप आला. तिनं स्वतःच्या हातानं जीव दिला होता.

दहाव्याला मामा म्हणाले, "नशिबात न्हवतं तिच्या." आणि पोटभर जेवले.

काही वर्षांनी मामी वारल्या. मुलगा-सून मामांशी बोलेनात. झोप उडाली. एका दुपारी ते दौंडला माझ्या घरी आले. म्हणाले, "त्या पुण्याच्या बाईचा पत्ता हाय का रं? कुणीतरी आपलं ऐकून घ्यावं वाटतंय."

पत्ता मला तोंडपाठ होता. मी उठलो, स्वयंपाकघरातून डबा आणला आणि त्यांच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली.

"खावा, मामा. झालं गेलं गंगेला मिळालं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं ती खाल्ली.