कौसामावशीच्या अक्षरातली चिठ्ठी

बदलापूर स्टेशन मागे टाकून तास होत आला होता. चामटोली अजून लांब होती. कौसामावशीचा राग तिच्या पायांत दिसत होता. साठीची बाई, एक गुडघा कायमचा सुजलेला, पण मी चाळिशीची तिच्या मागे धापा टाकत होते. तिच्या काखेत पवित्र शास्त्र होतं, रुमालात गाठ मारून घेतलेलं, शेतावर भाकरी न्यावी तसं.

१९९२चा जानेवारी होता. आम्ही वेणूकडे निघालो होतो. वेणू आमच्या चर्चच्या मंडळीतली, लग्न होऊन चामटोलीला दिलेली. तिला टीबी झाला होता. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या दोन महिने घेतल्या, खोकला उतरला, अंग धरायला लागली. आणि नव्या वर्षाच्या उपासनेला तिच्या हाताला एक चिठ्ठी आली. तिने गोळ्या बंद केल्या.

चिठ्ठीचं सांगायला हवं. आमच्याकडे एक जानेवारीला उपासना झाली की डबा फिरतो. पावडरचा जुना पत्र्याचा डबा, त्यात शास्त्रातल्या वचनांच्या चिठ्ठ्या. हात घालायचा, येईल ती आपली. ते त्या वर्षाचं वचन. लोक ती घरी भिंतीला डकवतात, कुणी तिच्यावरून सोयरीक ठरवतं, कुणी नोकरी सोडतं. वेणूच्या चिठ्ठीत होतं की जो जखम करतो तोच ती बांधतो, त्याचेच हात बरं करतात. मंडळी चालवणाऱ्या ब्रदर धर्मराजांनी ती सगळ्यांसमोर वाचली आणि म्हणाले, "घे, प्रभू बोलला. आता गोळ्या कशाला?"

मी हे सकाळी कौसामावशीला सांगितलं. ती उल्हासनगरला आमच्याच ब्यारेकीत, जुन्या लष्करी चाळीत, राहायची आणि कारखान्यातल्या जीन्सच्या पँटी घरी आणून त्यांचे सुटे धागे कापायची. पँटींचा ढीग पुढ्यात होता. तिने हातातली कात्री खाली ठेवली. "चल," म्हणाली. एवढंच.

चामटोलीच्या अलीकडे मागून जीप आली. ब्रदर धर्मराजच होते, पुढे वांगणीला प्रार्थनेला निघालेले.

"सलाम, मावशी! बसा, सोडतो. देवाचीच गाडी आहे."

"मग देवाला म्हणावं, खाली उतर आन् बोलव."

ब्रदर हसले. "अजून राग आहे का? आठ वर्षं झाली. क्षमा करायला शिका, मावशी."

"शालनच्या मातीला तू काय बोललास? विश्वास कमी पडला. कुणाचा कमी पडला रे? तिच्या गोळ्या मी माझ्या हातानं नाल्यात टाकल्या. त्याहून जास्ती विश्वास कसा असतो, दाखव मला."

ब्रदरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला. जीप गेली आणि आम्ही तिची धूळ खात उभ्या राहिलो.

शालन कौसामावशीची एकुलती मुलगी. मावशीचा नवरा शिवराम अंबरनाथला हमाली करायचा, तो लवकर गेला. शालनला फिट यायची, पण रोजच्या गोळीवर ती बरी होती. शिवणक्लास करत होती, माझ्या बालवाडीत मुलांना गाणी शिकवत होती. एकोणीस वर्षांची. चौऱ्याऐंशीच्या नव्या वर्षाला तिला चिठ्ठी आली, वेणूला आली तीच ओळ, गोळ्या बंद झाल्या, आणि मार्चमध्ये कपडे धुताना हौदात तोंडावर पडली. बाजूला कुणी नव्हतं.

मातीनंतर कौसामावशी रडली नाही. ती म्हणाली, "मास्तरीण, ती ओळ कुठं हाय शास्त्रात, मला बघायचंय."

तिला ठिकाण माहीत नव्हतं, कारण चिठ्ठ्या तिनेच लिहिल्या होत्या. नगरकडे मिशनच्या शाळेत ती चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. ब्रदरांनी यादी दिली होती, नुसत्या ओळी. तिने एकेक ओळ चार-पाचदा उतरवली आणि कात्रीने चिठ्ठ्या कापल्या. कोणती ओळ कुठली, कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

मग ती पहिल्या पानापासून शोधायला बसली. बोट ठेवून, एकेक शब्द. तेव्हा ती कारखान्यात जायची; जेवणाच्या सुट्टीत वाचायची, संध्याकाळी अडलेलं मला विचारायची. मी म्हटलं, पाळकांना विचारू, ते लगेच काढून देतील. "नको. मी कापलं, मीच शोधीन." वर्ष लागलं. शोधायला गेली एक ओळ, आणि वाचावं लागलं जवळजवळ अर्धं शास्त्र. तेवढ्यात तिला एक सवय लागली. कुठलंही वाक्य आलं की थांबून विचारायची: हे बोलतंय कोण? कुणाला बोलतंय? त्याच्या आधी काय घडलं?

ती ओळ सापडली ईयोबाच्या गोष्टीत. ईयोबाची मुलं मेली, अंगभर फोड आले, तो राखेत बसला, आणि त्याचा मित्र अलीफज समाचाराला येऊन त्यालाच बोल लावतो. तुझंच काही चुकलं असणार. कबूल कर, मग देव बरं करील. ती ओळ त्याच्या तोंडची. कौसामावशीने शेवटपर्यंत वाचलं. शेवटी देव स्वतः बोलतो आणि त्या मित्राला म्हणतो की माझा राग तुझ्यावर पेटलाय, तू माझ्याविषयी नीट बोलला नाहीस.

तिने पुस्तक मिटलं आणि मला म्हणाली, "देव बरं करतो हे खोटं न्हाई. पण ते बोलणाऱ्यानं दगड म्हणून मारलं होतं. तोच दगड धर्मराजनं माझ्या पोरीच्या मातीवर मारला. आन् तो दगड कापून दिला कुणी? म्या."

रविवारी ती सभेत उभी राहिली आणि हे सांगितलं. ब्रदर म्हणाले, दुःखाने बाईचं डोकं फिरलंय. तेव्हापासून ती सभेला येत नाही. मी जात राहिले. बालवाडी मंडळीच्या खोलीत भरायची.

चामटोलीला पोचलो तेव्हा वेणू ओट्यावर बसली होती, शेजारी नवरा बाळाजी. आम्हाला बघून तो उठला आणि हळूच म्हणाला, "बरं झालं आलात. माझं ऐकत नाही."

कौसामावशी आत गेली. कॅलेंडरखाली खळीने चिठ्ठी डकवलेली होती. तिने चष्मा लावला, जवळ गेली, आणि तिचा हात भिंतीवर तसाच राहिला.

"हे माझं अक्षर हाय," ती म्हणाली.

वेणूचा चेहरा उजळला. "तुमचं? मग मावशी, तुम्हीच लिहिलेलं वचन, आणि तुम्हीच अडवायला आलात?"

"व्हय. म्याच लिहिलं, म्हणून म्याच आले. बस इथं. वाच."

तिने शास्त्र उघडून वेणूच्या मांडीवर ठेवलं. वेणू सातवी झालेली. ती वाचत गेली, मावशी मधेमधे विचारत गेली: आता कोण बोललं? कुणाला? वेणू कंटाळली. "मावशी, शाळेच्या बाईसारखं काय करता?"

"पँटीचा धागा तोडताना म्या बघते, कुठून आलाय. न्हाईतर शिवण उसवते, मालक ओरडतो. देवाच्या शब्दाला तेवढं बी बघायचं नाय?"

मधले अध्याय तिने तोंडी सांगितले आणि शेवटचा वेणूला वाचायला लावला. वेणू वाचता वाचता थांबली. "देव रागावला... कुणावर? आजारी माणसावर?"

"नाय. तुझ्या भिंतीवर ज्याचं बोलणं हाय, त्याच्यावर."

मग तिने शालनचं सांगितलं. नाला, गोळ्या, हौद. आवाज चढवला नाही. बाळाजी दारात मान खाली घालून उभा होता.

"गोळ्या टाकल्यास?"

"नाही," वेणू पुटपुटली. "हंड्यामागे ठेवल्यात."

"का ठेवल्या?"

"भीती वाटली."

"शहाणी माझी. माझ्या शालनलाबी वाटली आसंल. तिला म्या बोलू दिलं न्हाई." तिने वेणूच्या गालावरून हात फिरवला. "उद्या दवाखान्यात जा. मधे बंद केल्या, हे डॉक्टरला लपवू नकोस."

बाळाजी म्हणाला, "मी नेतो. खाडा करतो." वेणूने नाही म्हटलं नाही. तिने उठून भिंतीवरची चिठ्ठी नखाने सोडवली आणि मावशीच्या हातात दिली.

परत येताना ऊन कलतं होतं. मला वाटलं, आता तिचा राग उतरला असेल. ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली, गुडघा चोळत.

"मास्तरीण, डबा कुणाकडं असतो गं?"

हा प्रश्न येणार हे मला भिंतीजवळच कळलं होतं. "माझ्याकडे. बालवाडीच्या कपाटात."

"आन् फिरवतं कोण?"

"मीच."

"वेणूच्या पुढं तूच धरलास?"

"हो."

तिने माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला सगळं माहीत होतं. तिच्या बोटाखालची ती ओळ मीच तिच्यासोबत वाचली होती. पण बालवाडी जाईल, लोक काय म्हणतील, म्हणून मी दर वर्षी तो डबा पुसत होते आणि पुढे धरत होते.

"त्यात माझ्या हातच्या दोनशेच्या वर चिठ्ठ्या हायेत," ती म्हणाली. "कुठली कुणाच्या तोंडची, देवाला ठाऊक. मला त्या पाहिजेत. एकेकीचं शास्त्रातलं घर शोधीन, तोवर मरत न्हाई. रविवारी डबा आणून दे मला."

"आणते. सकाळी लवकर जाऊन काढते, कुणी यायच्या आत."

"चोरून नको." ती माझा हात धरून उठली. "सभा भरू दे. धर्मराज समोर बसू दे. मग उठ, कपाट उघड, आन् सगळ्यांच्या देखत घेऊन ये. आन् कुणी विचारलं की का, तर सांग. एवढं कर माझ्यासाठी."