अण्णांच्या ढिगातला नमुना

वर्तमानपत्रात छापून आलेला माझा पहिला फोटो खोटा आहे. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काहीतरी मोठ्या गंभीरपणे बघते आहे असं त्यात दिसतं. प्रत्यक्षात खाली काचपट्टीच नव्हती. फोटोग्राफर घाईत होता, त्याला अजून दोन ठिकाणी जायचं होतं. बघितल्यासारखं करा म्हणाला, मी केलं. फोटो असा, पण खालची बातमी मात्र अक्षरन् अक्षर खरी होती, आणि आमच्या घरात पुढे जे घडलं ते त्या खऱ्या भागामुळे घडलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही हुबळीत केशवापुरात राहायचो आणि मी रोज बसनं धारवाडला विद्यापीठात जायचे. वनस्पतिशास्त्रात पीएचडी करत होते. आमचं घराणं मूळचं मिरजेकडचं. आजोबा हुबळीत आले, दुर्गदबैलाच्या जुन्या बाजारपेठेत त्यांनी मिरचीचं दुकान टाकलं. पुढे वडिलांनी ते बाजाराच्या यार्डात नेलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो आणि यार्डातही सगळे अण्णाच म्हणायचे. धंदा अडतीचा, म्हणजे शेतकऱ्यांनी पोती आणून उतरवायची आणि अण्णांनी ढीग मांडून लिलावात ती विकून द्यायची. असल्या धंद्यात माणसाचा शब्द हेच खरं भांडवल. अण्णांच्या दुकानचा माल म्हटलं की खरेदीदार ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघत नसत. वरच्या चार मिरच्या उचलायचे आणि भाव सांगायचे. याचा अण्णांना केवढा अभिमान होता हे आम्हाला रोजच्या जेवणात ऐकायला मिळायचं.

या धंद्यात एक जुनी रीत होती. वाळलेली मिरची कडकडीत असते, पोत्यात दाबून भरताना मोडते, बी गळतं. म्हणून लिलावाच्या आदल्या संध्याकाळी ढिगावर झारीनं पाणी मारायचं. मिरची मऊ पडते, रंग उजळतो. वजनही थोडं वाढतं, पण ते कुणी बोलून दाखवायचं नाही. आमच्या दुकानात आजोबांपासून पाणी मारत आले होते. ती पितळी झारी आपल्याला धरायला मिळावी म्हणून लहानपणी मी दुकानात भोकाड पसरलेलं आहे. यात काही वावगं आहे हे आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

माझा विषय होता साठवलेल्या मिरचीतली बुरशी. तो माझ्या मार्गदर्शक सरांनी सुचवला तेव्हा मला बरंच वाटलं, म्हटलं नमुने तरी घरचे मिळतील. अण्णांना सांगितलं तर ते खूशच झाले. परक्यांच्या दारात कशाला जातीस, आपल्या ढिगातलं ने की, म्हणाले, आणि आमच्या जुन्या हमालाकडून त्यांनी त्या हंगामातल्या उत्तम ढिगातली मिरची निवडून दिली. मी ती पिशवीत घालून, नंबर टाकून धारवाडला नेली. आणखी कितीतरी गावांच्या बाजारांतून नमुने गोळा केले, त्यांनाही नंबर टाकले. प्रयोगशाळेत नावं नसतात, नुसते नंबर असतात. पण अण्णांचा नंबर मला पाठ होता.

पाणी न लागलेल्या मिरच्या स्वच्छ निघाल्या. पाणी मारून पोत्यात भरलेल्या मिरच्या वरून लालबुंद, आणि फोडल्यावर आत बियांभोवती करडा कापूस. अण्णांची मिरची फोडली तेव्हा मी सरांकडे पाठ करून उभी होते. आत तोच कापूस होता. पुन्हा तपासली, तिसऱ्यांदा तपासली. आमच्या उत्तम ढिगाचं हे असं झालं होतं.

मी अण्णांना सांगितलं नाही. स्पष्टच लिहिते, माझी हिंमत झाली नाही. आज सांगू, उद्या सांगू करत महिना गेला. प्रबंधात तर नुसते नंबरच येणार, मग कुणाला कळतंय, अशी मी माझीच समजूत घालत होते.

अशात हुबळीच्या एका कन्नड दैनिकानं विद्यापीठात काय काय संशोधन चालतं यावर लिहायचं ठरवलं आणि आमच्या विभागात बातमीदार पाठवला. सरांनी त्याला माझ्याकडे ढकललं. बाजाराची भाषा हिला चांगली येते, म्हणाले. मलाही चेव चढला. चहा येईपर्यंत मी त्याला सगळं समजावून सांगितलं, आणि आपला शहाणपणा दाखवायला हेही सांगितलं की मी स्वतः मिरचीवाल्याची मुलगी, आमचं यार्डात दुकान आहे. तो लिहिता लिहिता थांबला. चांगला हुशार माणूस होता.

"मग तुमच्या वडिलांच्या दुकानातले नमुने घेतले होते का?"

सर खिडकीपाशी उभे होते. त्यांना सगळे नंबर माहीत होते. ते काही बोलले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे, कारण ते बोलले असते तर उत्तर त्यांचं झालं असतं. नाही घेतले म्हणून सांगणं अगदी सोपं होतं. पण त्या टेबलावर बसून मी वर्षभर नोंदी केल्या होत्या. त्याच टेबलावर बसून खोटं बोलायला माझी जीभ वळेना.

"घेतले होते," मी म्हटलं. "तिथंही तेच निघालं."

त्यानं ते लिहून घेतलं. हे छापू नका असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. घरी जाऊन अण्णांना आधी सांगायला हवं होतं. दोन दिवस मिळाले होते. दोन्ही दिवस मी बरोबर त्यांच्या जेवणाच्या वेळी डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत पडून राहिले.

बातमी आली त्या दिवशी अण्णा नेहमीसारखे सातलाच दुकानात गेले होते. त्यांचा पेपर दुकानात यायचा. आमच्याकडे आईनं शेजारून आणला. आई कन्नड फाडफाड बोलायची, भाजीवालीशी त्याच भाषेत भांडायची, पण वाचता मात्र येत नव्हतं. तिला फक्त फोटो कळला. तो बघून तिला आभाळ ठेंगणं झालं. पेपर घेऊन ती शेजारच्या ओट्यावर गेली, शेजारच्या अक्कांना म्हणाली वाचा, आणि जाणाऱ्या येणाऱ्या चार बायकांनाही थांबवून घेतलं. अक्का शाळेत शिकवायच्या, खणखणीत आवाजात वाचू लागल्या. विद्यापीठाचं नाव आलं, माझं नाव आलं, आई मान डोलावत होती. मी दारात उभी होते आणि पुढच्या ओळीत काय आहे ते मला माहीत होतं. अक्का त्या ओळीपाशी आल्या आणि थांबल्या. आई म्हणाली, "वाचा की पुढं." अक्कांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग खाली मान घालून, हळू आवाजात तेही वाचलं.

आई पेपर घडी करून घरात घेऊन आली. भाकरी थापायला बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, त्यांना आधी सांगायचं होतंस. एवढंच. मी कधी कुणाची बोलणी मुकाट्यानं ऐकून घेतलेली नाहीत, पण ही ऐकली.

दिवसभर मी धारवाडला गेलेच नाही. विद्यापीठात लोक अभिनंदन करायला थांबले असतील आणि इकडे अण्णांचा शब्द यार्डात मातीमोल झाला असेल, हेच डोक्यात. चाळीस वर्षं त्यांनी जपलेली गोष्ट मी चहाचा कप रिकामा होण्याच्या आत उधळून टाकली होती. संध्याकाळी अण्णा आले, पाय धुतले, जेवायला बसले. मी समोर जाऊन बसले, म्हटलं आता जे व्हायचं ते होऊ दे. त्यांनी भात कालवला, दोन घास खाल्ले.

"फोटोत केस नीट बांधायचे होतेस," म्हणाले. आणि ताकाची वाटी पुढं ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा जुना हमाल दुकानची किल्ली न्यायला घरी आला. रोजच यायचा. त्या दिवशी त्याच्या हातात ती पितळी झारी होती. अण्णांनी कालच आमच्या घरी द्यायला सांगितली होती, हा विसरून आपल्याच घरी घेऊन गेला होता. झाडांना पाणी घालायला ठेवा म्हणालेत, असं तो म्हणाला. मी झारी हातात घेतली आणि त्याला विचारलं, काल काय झालं ते सगळं सांग. त्यानं कन्नडमध्ये सांगितलं, तेच इथं लिहिते.

नऊ वाजेपर्यंत बातमी सगळ्यांनी वाचली होती, पण अण्णांच्या तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं. लोक चार चार जण घोळक्यानं उभे, अण्णा जवळ आले की गप्प. अण्णांनी थोडा वेळ हे बघितलं. मग स्वतःचा पेपर घेतला, चष्मा लावला, वजनकाट्याच्या फळीवर चढून उभे राहिले आणि पहिल्या ओळीपासून सगळी बातमी मोठ्यानं वाचली. आपल्या दुकानची ओळ आली तेव्हाही आवाज कमी केला नाही. वाचून झाल्यावर एक जुना व्यापारी त्यांच्या भल्यासाठीच म्हणाला की पोर लहान आहे, चुकली असेल, तो नमुना आमचा नव्हताच म्हणून पेपरला कळवून टाका, लोक विसरून जातील. अण्णा फळीवरून खाली उतरले.

"नन्न मगळु," ते म्हणाले. "सुळ्ळ हेळूदिल्ल."

माझी मुलगी आहे, खोटं बोलत नाही. एवढं बोलून त्यांनी हमालाला हाक मारली आणि झारी खुंटीवरून काढायला सांगितली.

हे सांगताना तो हमाल असा ताठ उभा होता की जणू ते वाक्य तोच बोलला होता. मी तिथंच पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. आई आतून विचारत होती कोण आलंय म्हणून.

पुढचं वर्ष सोपं गेलं नाही. कोरडी मिरची भरताना मोडायची, खरेदीदार कुरकुरायचे, भाव उतरायचा. काही शेतकरी दुसऱ्या दुकानात गेले. डॉक्टरांची मिरची असं नाव पडलं, तेही चेष्टेनं. माझी पीएचडी व्हायच्या आधीच यार्डात मी डॉक्टर झाले होते. अण्णांनी सकाळच्या दवात, मिरची आपोआप थोडी नरम असताना पोती भरायला सुरुवात केली. हमालांना त्यासाठी लवकर यावं लागायचं, म्हणून चहा दुकानातर्फे मिळू लागला. हे मला त्यांनी सांगितलं नाही, हमालानंच सांगितलं.

आणि एक दिवस कुणालाही न कळवता अण्णा धारवाडला विभागात हजर झाले. त्याआधी ते विद्यापीठात कधी आले नव्हते. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपला काढून ठेवल्या, आत येऊन सरांना नमस्कार केला. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. अण्णांनी कापडी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, आपल्याच ढिगातली आहे, यावेळी मी निवडलेली नाही, हमालानं डोळे मिटून उचललीय. बघून सांग. आणि जे निघेल ते पेपरात दे.

आठ दिवसांनी निकाल हाती आला. एकही मिरची खराब नव्हती. मी आनंदानं त्या बातमीदाराला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं, मनापासून चांगलं झालं म्हणाला, पण मिरची चांगली निघाली यात बातमी काय होणार, असं त्यानंच मला विचारलं. मी त्याच्यावर तोंडसुख घेतलं. त्याचं काही चुकलं नव्हतं हे मला आज कळतं, तेव्हा कळत नव्हतं.

निकाल ऐकायला अण्णा पुन्हा आले, पुन्हा बाहेर चपला काढल्या. मी त्यांना सांगितलं की मिरची स्वच्छ आहे, पण पेपरवाले छापत नाहीत म्हणतात. सांगताना माझाच आवाज चढला होता. वाईट तेवढं सगळ्या गावाला कळवलं आणि चांगलं कुणालाच कळणार नाही, हा कुठला न्याय, असं बरंच काही मी बोलले. अण्णांनी ते संपू दिलं. मग सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवून म्हणाले, मला दाखव.

मी दोन काचपट्ट्या लावल्या, आधी जुनी, मग नवी. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, एक डोळा मिटला आणि वाकून बघत राहिले. जुनीवर फार वेळ, नवीवर त्याहून जास्त. फोटोग्राफर नव्हता, त्यामुळे कुणी बघितल्यासारखं करत नव्हतं. शेवटी सरळ उभे राहिले, चष्मा खाली घेतला.

"छापलं नाही तर नाही की," ते म्हणाले. "तू बघितलीस न्हवं?"

मग रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली, सरांना नमस्कार केला आणि हुबळीची बस गाठायला निघाले.